हौशाचं खरं वय

“बैल कधी खोटं बोलत न्हाई, खोटं बोलतो तो मालक! आन् मालक कितीबी खोटं बोलू द्या, मी जनावराचं तोंड उघडलं की खरं काय ते बाहेर!”

टेंभुर्णीच्या कारभारीनं हे वाक्य आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि म्हणायचा अधिकार होताच की त्याला! जाफराबादपासून जालन्यापर्यंत कुणाला बैल घ्यायचा असला, की तो माणूस आधी कारभारीच्या ओट्यावर यायचा. “आबा, उद्या बाजाराला चलता का?” म्हणायचा. कारभारी एक कप चहा आणि एक पान, यापलीकडे काही घेत नसे. बाजारात तो बैलाचा खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढायचा, शिंगाच्या बुडाशी अंगठा फिरवायचा आणि वय सांगून मोकळा! त्याचा लाल पटका लांबून दिसला तरी व्यापारी आपली अर्धी जनावरं झाडामागं नेऊन बांधायचे.

अशा या पारखी माणसाचा एकुलता एक मुलगा त्रिंबक सेहेचाळीस साली मॅट्रिक पास झाला. गावातला पहिला मॅट्रिक! मग काय विचारता? तो एकट्या कारभारीचा मुलगा राहिलाच नाही, सगळ्या गावाचा झाला. त्यानं पुढं काय शिकावं हे जो तो सांगू लागला. रामकिसन दुकानदार म्हणाला, “तहसीलदार करा, गावाला धाक राहील.” शेजारचा पुंजाराम म्हणाला, “रेल्वेत घाला, फुकट फिरायला मिळंल.” पण सगळ्यांत मोठा आवाज होता मंठ्याच्या काकासाहेबांचा. काकासाहेब म्हणजे कारभारीच्या बायकोचे, चतुराबाईचे सख्खे भाऊ. जालन्याच्या एका वकिलाकडं मुन्शी होते आणि स्वतःला वकिलापेक्षा वरचढ समजत.

“वकील!” काकासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. “दाजी, जगात भांडणं हायेत तवर वकिलाला मरण न्हाई!”

सगळ्यांचं सांगून झाल्यावर त्रिंबक खांबाला टेकून हळूच म्हणाला, “आबा, हैदराबादेत जनावरांच्या डाक्टरीचं कालिज निघालंय. चार वर्षांची डिग्री हाय. मला ती करायचीय.”

मग काकासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली.

“गुरं? मॅट्रिक झाल्यालं पोरगं गुरात? मंग गुराख्यानं काय करावं, मॅट्रिकला बसावं?”

सगळा ओटा खो खो हसला. खरं सांगायचं तर कारभारीच्याही मनात तहसीलदारीच होती. पण गेल्या पावसाळ्यात गावात घटसर्प आला होता, ते तो विसरला नव्हता. जनावरं घसा सुजून पटापट मरत होती आणि हा एवढा पारखी गोठ्यात नुसता उभा होता. तोंड उघडलं की वय कळत होतं, आजार कळत नव्हता! तेव्हा सुट्टीवर आलेला त्रिंबक रातोरात जालन्याला गेला होता आणि सुईवाल्या डाक्टरला घेऊन आला होता. सुई मिळालेली जनावरं वाचली. हे सगळं कारभारीच्या मनात तेव्हापासून घोळत होतं, पण तेवढ्यानं त्याचा निश्चय होत नव्हता. आता मेहुणा हसला आणि निश्चय झाला!

“हो, गुरातच!” कारभारी गरजला. “आन् डिग्री घेऊन! तुमच्या वकिलाला साक्षीदार तरी तोंडानं सांगतो. मुक्या जनावराकडून खरं काढून घ्यायला अक्कल लागती, पाव्हणं!”

“पर घेतील का त्याला? आपल्या भागातून एकच पोरगा घेणार म्हणं. जालन्यातच परीक्षा हाय.”

“घेतील का? पहिल्या नंबरानं घेतील! न्हाई घेतला, तर मी पुन्हा कोन्त्याबी जनावराच्या तोंडाला हात लावणार न्हाई! आन् मंग पोरगा तुमचा. खुशाल वकील करा!”

शब्द गेला तो गेलाच. रामकिसन, पुंजाराम आणि आणखी दहा जण साक्षीला होते. चतुराबाई दारातून म्हणाली, “आवो, जनावराला हात लावणार न्हाई म्हंता, मंग बाजारात जाऊन करणार काय? भजे खाणार?” तेव्हा कुठं कारभारीच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. बाजार गेला तर कारभारी उरणार तो किती? आणि कालिजाचं नाव घेताना पोराच्या डोळ्यांत जी चमक दिसली होती, ती वकिलीच्या नुसत्या नावानं विझली असती. पण माघार घेणं त्याला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. परीक्षेला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत टेंभुर्णीतल्या एकाही जनावराला सुखानं रवंथ करता आलं नाही! कुणाच्याही गोठ्यात बापलेक घुसायचे, ओठ ओढायचे, “दोनदाती!” “सहादाती!” “आठदाती, जुळला!” असं दातांवरून वय ओरडायचे आणि पुढच्या गोठ्यात जायचे. साळूबाईची म्हैस तर या दोघांना लांबून बघितलं की आपणहून तोंड उघडायला लागली.

“आता नीट ऐक,” एका सकाळी कारभारी म्हणाला. “म्हातारा बैल तरणा कसा करतात, ते सांगतो. शिंगाच्या बुडाशी वरसाला एक कडं पडतं. ती कडी साळून काढायची, वरून तेल लावायचं. दात खालीवर झाल्याले असत्यात, त्यांना कानस मारायची. बराबर एका रांगेत आणायचे. झाला तरणा!”

“मंग ओळखायचं कसं?”

“दाताच्या मुळाशी फट राहती. ती कानशीनं बुजत न्हाई. आन् साळल्यालं शिंग अंगठ्याला पातळ लागतं. हे कोन्त्या पुस्तकात न्हाई बरं!”

“आबा, तुम्हाला इतकं बारीक कसं म्हाईत?”

कारभारीला एकदम ठसका लागला. चतुराबाईनं पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. “आपला हौशा असता तर पोरगं त्याच्यावरच शिकलं असतं,” ती म्हणाली. ठसका आणखी वाढला.

हौशाचं नाव निघालं की कारभारीला ठसका लागायचाच. हौशा हा घरच्या गाईचा गोऱ्हा. त्रिंबकनं पहिल्यांदा पाटी हातात धरली, त्याच साली गोठ्यात जन्मला. कामाला वाघ, पण एक खोड होती. कारभारीच्या पटक्याचा शेव, म्हणजे पाठीवर सोडलेलं टोक, दिसला की तो तोंडात धरून चघळायचा! घरात एकही पटका अखंड राहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्रिंबकला जालन्याच्या बोर्डिंगात ठेवायचं ठरलं, तेव्हा हौशा विकावा लागला. भुजंग नावाचा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, त्याला घेऊन गेला. “पार नांदेडाकडं गेला,” असं त्यानं नंतर सांगितलं होतं. चतुराबाई आठ दिवस जेवली नव्हती. या सौद्याबद्दल कारभारी कुणाशी बोलत नसे आणि कुणी बोललं तर खोकत असे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्रिंबक म्हणाला, “आबा, एक वचन द्या. तिथं तुम्ही तोंड उघडायचं न्हाई.”

“बिलकुल न्हाई! मी काय येडा हाय? पर लांबून जरा बोटानं खूण केली तर...”

“बोटबी न्हाई!”

“बराबर हाय. बोटबी न्हाई.”

जालन्याला निघाले तेव्हा एक बैलगाडी जायची, तिथं पाच निघाल्या. पैज सगळ्या गावाची झाली होती ना! पुढं कारभारीची गाडी. गेल्याच महिन्यात घेतलेला पाखऱ्या नावाचा तरणाबांड बैल तिला दुसऱ्या बैलाच्या जोडीला जुंपलेला. कारभारीच्या डोक्यावर नवाकोरा लाल पटका, शेव पाठीवर हातभर सोडलेला. शेजारी चतुराबाई, मागं त्रिंबक पुस्तकात डोकं खुपसून बसलेला. काकासाहेब जालन्यातच येऊन मिळाले. “दाजी, वकिलीच्या कालिजाचा फारम आणून ठेवलाय बरं का!” ते म्हणाले आणि त्यांनी खिसा थोपटला.

परीक्षा एका सरकारी दवाखान्याच्या आवारात होती. आवाराला छातीइतकी भिंत. भिंतीच्या बाहेर टेंभुर्णी गाव उभं राहिलं, आत आठ मुलं रांगेत. हैदराबादहून आलेले तीन साहेब लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते. मधले मोठे साहेब शेरवानीत, पांढऱ्या दाढीचे, डोळ्यांवर सोनेरी चष्मा. समोर दवाखान्याची पाण्याची गाडी आणि तिच्या चाकाला बांधलेला एक बैल. त्याची पाठ भिंतीकडं होती, त्यामुळं बाहेरच्यांना त्याची शेपटी आणि ढुंगण एवढंच दिसत होतं.

“प्रत्येकानं या बैलाचं वय सांगायचं,” असं ठरलं.

भिंतीशी एक शिपाई बिडी ओढत होता. तो हळूच म्हणाला, “रजिस्टरात सात लिहिलंय. दोन वरसांमागं पाचाचा म्हणून घेतल्ता बाजारातून.”

ते ऐकून कारभारीनं छाती फुगवली. “रजिस्टर कशाला पाह्यजे? मी हिथून सांगतो, सात! एक दिवस कमी न्हाई, एक दिवस जास्त न्हाई! पाठ बघा कशी राखलीय. कुन्या जाणत्या कास्तकाराच्या घरचं जनावर हाय हे!”

चतुराबाई टाचा उंच करून बघत होती. “आवो,” ती म्हणाली, “त्याच्या शेपटीचा गोंडा बघा की. अर्धा पांढरा, अर्धा काळा...”

“गप बस! बैलाच्या कामात बायकांनी बोलू न्हाई.”

“आवो पर त्याचा डावा पाय बघा, कसा टेकून उभा हाय...”

“चतुरे, तू गप बसती का मी गाडीत बसवू?”

चतुराबाई गप बसली, पण तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. कारभारीला वाटलं, पोराच्या काळजीनं धरलाय.

मुलं एकेक करून पुढं गेली. कुणी ओठ ओढला, कुणी नुसतंच लांबून बघितलं, एकानं बैलाच्या पाया पडून घेतलं. सगळ्यांचं उत्तर एकच, “सात साल, हुजूर!” शिपायानं बिडी ओढता ओढता ते सगळ्यांनाच सांगून ठेवलं असावं. मोठे साहेब प्रत्येक वेळी मान हलवून काहीतरी लिहीत होते आणि दाढीत हसत होते.

शेवटी त्रिंबकचं नाव आलं. कारभारी भिंतीवर रेलून बघू लागला. इवलंसं पोरगं होतं, हातात पाटी धरून रडणारं, आणि आता कसं ताठ चालत निघालं होतं! त्रिंबक बैलापाशी गेला. बैलानं मान वळवून त्याचा हात हुंगला. आणि त्रिंबक तिथंच थबकला.

त्यानं बैलाच्या कपाळावर हात ठेवला. एकदा मागं वळून भिंतीकडं बघितलं, नेमकं बापाकडं. मग खाली मान घातली.

“घाबरलं पोरगं!” कारभारी पुटपुटला. “आरं दात बघ, दात!” त्याची बोटं शिवशिवायला लागली. वचन दिलं होतं म्हणून त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

त्रिंबकनं ओठ ओढून दात बघितले. शिंगाच्या बुडाशी अंगठा फिरवला. सगळं आवार त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

“बोलो बेटा, कितनी उम्र?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“बारा साल, हुजूर.”

रांगेतली मुलं फिस्सकन हसली. भिंतीबाहेर काकासाहेबांनी खिशातून फॉर्म काढून त्याची घडी उलगडली. आणि कारभारीचं डोकं फिरलं! पोरगं गेलं, बाजार गेला, पैज गेली! वचन कुठल्या कुठं उडालं. तो दोन्ही हात वर करून, एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं नाचवत, पोटातून ओरडला, “आरं सात! सात! त्रिंबक, सात म्हण, सात!”

तो आवाज ऐकताच बैलाचे कान ताठ झाले.

त्यानं एक हिसका दिला. दावं तुटलं. शिपाई “हां हां” करत आडवा आला, त्याला बाजूला सारून बैल थेट भिंतीकडं आला, भिंतीवरून मान बाहेर काढली आणि दचकून वळलेल्या कारभारीच्या पाठीवरचा पटक्याचा शेव तोंडात धरून चघळायला सुरुवात केली! कारभारी पुढं पळाला तसा पटका उलगडत गेला. तो गोल फिरला तसा आणखी उलगडला. वाराभर, दोन वार, तीन वार! शेवटी भर जालन्यात कारभारी उघड्या डोक्यानं उभा आणि पटका बैलाच्या तोंडात!

“आरं सोड! नवा हाय! सोड म्हंतो ना, हौशा!”

नाव तोंडातून गेलं आणि मग कारभारीलाच ऐकू आलं.

एवढं मोठं आवार, पण तिथं पटका चघळल्याचा तेवढा आवाज येत होता. चतुराबाईनं तोंडावरचा पदर काढला. “तेच सांगून राह्यले मी कवाची!” ती म्हणाली आणि हौशाच्या गळ्यात हात घालून रडायलाच लागली.

मोठे साहेब उठून भिंतीशी आले. बैलाकडं बघितलं, उघड्या डोक्याच्या कारभारीकडं बघितलं.

“ये आपका जानवर है?”

“व्हता, हुजूर.”

“सुबह मैंने इसका मुँह देखा था. दाँत किसने घिसे?”

कारभारीनं इकडंतिकडं बघितलं. सगळं टेंभुर्णी त्याच्याकडं बघत होतं. ज्यांना त्यानं बाजारात शेकडो वेळा “मालक खोटं बोलतो” म्हणून सांगितलं होतं, तेच सगळे. आता ठसकाही येईना!

“कानस भुजंग हेड्यानं मारली, हुजूर,” तो शेवटी म्हणाला. “शिंगंबी त्यानंच साळली. मी... मी नुसतं तोंड धरलं व्हतं.”

आधी पुंजाराम हसला. मग रामकिसन. मग सगळी भिंत हसली. काकासाहेबांनी फॉर्मची पुन्हा घडी घातली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “दाजी, माझं ऐकलं असतं, तर आज घरचा वकील असता!”

पण मोठे साहेब हसत नव्हते. ते त्रिंबककडं वळले. बैल ओळखला होतास का, असं त्यांनी विचारलं.

“ओळखला, हुजूर. आमच्याच गोठ्यात जन्मला. हातानं चारलाय मी त्याला.”

“तो सात बोल देते. बाप बच जाता.”

त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही. “हुजूर, दात असे घासल्यावर जनावराला कडबा चावत न्हाई. त्याच्या बरगड्या बघा. सात म्हणलो असतो तर अजून पाच वरसं पाणी वाहिलं असतं त्यानं. आबांना तोंड हाय, ते आपलं बघून घेतील. हौशाला कोण हाय?”

कारभारीनं आयुष्यात खूप वाक्यं म्हटली होती, पण ऐकून गप बसावं असं वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. लाज तर वाटलीच. ती इतकी वाटली, की भिंतीत तोंड खुपसावं. पण त्या लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. पोरगं खोटं बोललं नाही! बापासाठीसुद्धा बोललं नाही! कारभारीचा ऊर असा भरून आला की त्याला भुजंगालाही मिठी मारावीशी वाटली.

साहेब न्यायाचे होते. ओळखीच्या बैलावर मुलगा पास करता येत नाही म्हणाले. मग त्यांनी आजारी जनावरांतली एक घोडी आणवली. त्रिंबकनं तिच्याभोवती एक फेरी मारली, तोंड बघितलं, चारही खूर उचलून बघितले. “नऊ साल, हुजूर,” तो म्हणाला. “लंगडती म्हणून मागच्या उजव्या पायाला पट्टी बांधलीय, पर दुखणं पुढच्या डाव्या खुरात हाय.” तिथल्या कंपौंडरनं गडबडीनं पट्टी सोडली आणि खूर तपासला. खडा निघाला, हरभऱ्याएवढा!

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला, कागदावर नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. त्रिंबक, मौजे टेंभुर्णी. पहिला!

टेंभुर्णीच्या लोकांनी जो गलका केला, त्यानं दवाखान्यातली घोडी बिथरली. कारभारी उघड्या डोक्यानंच भिंतीवरून उडी मारून आत गेला. वयाच्या पन्नाशीत! पोराला त्यानं छातीशी धरलं, सोडलं आणि पुन्हा धरलं.

“आबा, चुकलं का माझं?” त्रिंबकनं हळूच विचारलं.

“तुझं?” कारभारी म्हणाला. “आरं, चुकणारा मी हितं उभा हाय की! तू बराबर हायेस. अगदी बारा सालाइतका बराबर!”

मग तो साहेबांपुढं हात जोडून उभा राहिला. गाडी ओढायला हा बैल आता चालणार नाही, हे तर झालंच होतं. कारभारीनं बाहेर जाऊन आपल्या गाडीचा पाखऱ्या सोडला, महिन्याभरापूर्वीच हौसेनं घेतलेला, आणि आणून दवाखान्याच्या दाराशी बांधला.

“हा घ्या, हुजूर. ह्याचं तोंड कुणीबी उघडून बघा. सहादाती हाय, दुपारच्या उन्हासारखा सरळ. आन् आमचा आम्हाला द्या.”

साहेबांनी पाखऱ्याचं तोंड स्वतः उघडून बघितलं. मग शिंगावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा तोंड बघितलं, तेव्हा कुठं मान डोलावली. कारभारी मान खाली घालून उभा राहिला. “इतकं काय बघता” म्हणायला तोंड होतं कुठं त्याला?

परतीच्या वाटेवर हौशाला गाडीला जुंपायचं नाही, असं चतुराबाईनं ठरवलं. मग एका बाजूला दुसरा बैल आणि दुसऱ्या बाजूला आळीपाळीनं पुंजाराम आणि रामकिसन असं करत गाडी निघाली. हौशा मागून मोकळा चालत होता. त्याच्या तोंडातून लाल पटक्याचा तुकडा लोंबत होता. वाटेत जो कुणी भेटे त्याला कारभारी सांगे, “पोरगा पहिला आला! जनावरांच्या डिग्रीला! हैदराबादला चाललाय!” आणि समोरचा माणूस “डोक्यावरचं काय झालं, आबा?” असं विचारायच्या आत तो पुढं गेलेला असे.

काकासाहेबांनी पैज हरल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. वकिलीच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनी हौशाला खायला दिला. हौशानं हुंगला आणि सोडून दिला. पटक्याची चव त्याला नव्हती म्हणे!

त्रिंबक हैदराबादला गेला. घरी पत्र आलं की कारभारी ते रामकिसनकडून चार वेळा वाचून घेई. पाचव्यांदा स्वतःच पाठ म्हणून दाखवी. जनावरांच्या हाडांची नावं त्याला समजत नसत, पण ती म्हणताना त्याची छाती रुंद होई. पैज जिंकल्यामुळं त्याचा हात जनावराच्या तोंडाला लावायला मोकळा होता. बाजार गेला नव्हता. कारभारी तसाच राहिला होता, असं निदान त्याला तरी वाटत होतं.

पुढच्याच बाजाराला पुंजारामला बैल घ्यायचा होता. तो सकाळीच ओट्यावर आला, “आबा, चला,” म्हणाला. कारभारी नवा पटका बांधून, शेव आत खोचून निघाला. बाजारात एक देखणा खिल्लारी बैल पुंजारामच्या मनात भरला. कारभारी ऐटीत पुढं झाला, घसा खाकरला आणि ओठ धरायला दोन बोटं पुढं केली.

“जरा थांबा, आबा,” पुंजाराम अदबीनं म्हणाला. “वय तुम्हीच सांगा. तुमच्यासारखा पारखी अख्ख्या मुलखात न्हाई. पर तोंड... तोंड मी धरतो.”